ऊसतोडीच्या कोप्यांवरच्या लेकरांसाठी पाळणाघर : खोली आहे, म्हैस आहे, पुढचं सांगा

कृष्णाकाठ | १८ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यात मळ्यात राहते. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, आता निवृत्त. घरात मी, आमचे हे आणि एक म्हैस.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या वरल्या अंगाला ओढ्याकडेच्या पडीक तुकड्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. बीड, पाथर्डीकडच्या टोळ्या, दोन-चार घरं आपल्याच जतकडची. गेल्या साली अठरा कोयते होते. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात बाई अर्धीच.)

गेल्या वर्षी शाळेतल्या बाईंनी कोप्यांवर फिरून सात पोरं पटावर घेतली. वह्या दिल्या, दप्तरं दिली. त्यात एक नऊ वर्षांची पोरगी होती. पहिल्या दिवशी आली ती कडेवर आठ महिन्यांचा भाऊ घेऊनच. तो रडायला लागला की ती व्हरांड्यात जायची आणि तिथून खिडकीतून फळ्याकडं बघायची. तिसऱ्या दिवशी भावानं वर्गात शी केली, पोरं हसली. चौथ्या दिवसापासून आली नाही. टोळी उठेपर्यंत मी तिला रोज ओढ्यावर बघत होते. कडेवर तोच.

बाई म्हणाल्या, पालकांमध्ये जागृती नाही. हे वाक्य मीसुद्धा अहवालात वर्षानुवर्षं लिहिलंय. आता वाटतं, जागृती कसली डोंबलाची! त्या आईनं तान्हं ठेवायचं कुणाकडं?

तर गोठ्यालगत एक खोली रिकामी आहे. फरशी आहे, पाणी दारात आहे. तिथं पाळणाघर काढायचं म्हणते. पैसे घ्यावेत का, घेतले तर किती, किती वयाची पोरं घ्यावीत, सरकारकडून काही मिळतं का, कुणी असं केलंय का? जे माहीत असेल ते सांगा. ह्यांचं मत आहे की उतारवयात नसतं खूळ आहे, तेव्हा ते सांगण्याची गरज नाही.

मिरज_जंक्शन | १८ ऑक्टोबर

ताई, आधी अंगणवाडी सेविकेला गाठा, मग पर्यवेक्षिकेला. एकात्मिक बालविकास योजना १९७५ सालची आहे, सहा वर्षांपर्यंतची सगळी पोरं तिच्यात बसतात. गावची का बाहेरची हा प्रश्नच येत नाही. तीन ते सहाच्या मुलांना गरम आहार, सहा महिने ते तीन वर्षांच्यांना घरी न्यायचा आहार. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीचं सरकारी ॲप) स्थलांतरित लाभार्थी दाखवायची सोय आहे. मूळ गावच्या अंगणवाडीत नाव असेल तर इकडं घेता येतं. सेविका म्हणेल आधार नाही, फोन नंबर बंद आहे. तुम्ही शेजारी बसून करून घ्या.

पाळणाघरांसाठी केंद्राची योजना होती, ती २०२२ पासून मिशन शक्तीत ‘पालना’ नावानं आहे. सहा महिने ते सहा वर्षं. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं अशी कल्पना आहे. पण ते वरून मंजूर होऊन येणार, तुमचा हंगाम महिनाभरात सुरू होतोय. अर्ज टाका आणि त्याची वाट न बघता कामाला लागा.

शंकासूर | १८ ऑक्टोबर

हेतू चांगला आहे, पण आपण का करायचं? ऊस कारखान्याचा, टोळी मुकादमाची (मजूर गोळा करून आणतो तो), मजूर त्यांचे. पोरांचं त्यांनी बघावं. मी पण ऊस लावतो. तोड मिळावी म्हणून टोळीच्या मागं हिंडायचं, वर टोळीला खुशालीचे जादा पैसे द्यायचे, ट्रॅक्टरवाल्याचे एंट्रीचे पैसे वेगळे, आणि आता पोरंही आम्हीच सांभाळायची होय?

दुसरं, एखाद्या पोराला तुमच्या गोठ्यात काही झालं तर टोळी दारात उभी राहील. तेव्हा इथले सल्लागार येणार नाहीत.

कृष्णाकाठ | १९ ऑक्टोबर

खुशालीचं बरोबर आहे, आम्हीपण देतो. पण ते घेणारं आठ महिन्यांचं पोर नव्हतं.

फडातला | १९ ऑक्टोबर

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बीडच्या शिरूर कासार तालुक्यातला. आईबाप ऊसतोडीला होते, मी आता पुण्यात नोकरी करतो. सांगली जिल्ह्यातले पाच हंगाम आठवतात.

तुम्ही वेळ विचारली नाही, पण सगळं तिथंच अडतं. आई तीनला उठायची. चूल, भाकरी, कालवण फडक्यात बांधून चारला गाडी जुंपली जायची. तुम्ही आठला दार उघडलं तर आठपर्यंत पोर कुणाकडं? तुमच्या त्या मुलीकडंच. मग ते पाळणाघर कुणाच्या उपयोगाचं?

परत यायची वेळ नक्की नसते. टायरगाडीवाले गाडी भरून कारखान्यावर जातात, तिथं वजनकाट्याला रांग. ट्रॅक्टरच्या टोळीला रात्री ट्रॅक्टर आला तर रात्री भरायला लागतं. बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढते. पोराला घेऊन ते होत नाही. मग पोर बांधाला झोळीत, नाहीतर गाडीच्या सावलीला. पाचटात, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यात, साप असतो, विंचू असतो. ट्रॅक्टर मागं घेताना पाचटात निजलेलं पोर दिसत नाही. एवढंच लिहितो, ह्याच्यापुढं लिहवत नाही.

लोक विचारतात, एक बाई मागं का राहत नाही? उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते दोघांची. एक दिवस घरी बसलं की खाडा, तो उचलीतून फिटायचा राहतो आणि पुढच्या सालावर चढतो. बाळंतीण पंधरा-वीस दिवसांत फडात जाते ती हौस म्हणून नाही.

मी शिकलो कारण आजी गावाकडं होती आणि मी मुलगा होतो. माझी थोरली बहीण आमच्या दोघा भावांना सांभाळायला बरोबर जायची. तिला अजून सही करताना घाम फुटतो. तुमची व्हरांड्यातली मुलगी वाचली आणि फोन बाजूला ठेवला.

पैशाचं. फुकट करू नका. फुकट म्हटलं की बाईला वाटतं मुकादमाचा काहीतरी डाव आहे, हे पण उचलीत कापतील. पण महिन्याची फी ठेवू नका, महिन्याचा पगार कुणाला नसतो. पंधरवड्याला मुकादम खर्चायला खर्ची देतो तेव्हा, नाहीतर वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून रोजचे सुटे पैसे येतात त्यातनं. आणि मुकादमाला आधी भेटा. त्याला वाटलं पाहिजे की ह्यात त्याचा फायदा आहे. तसा तो आहेच. पोर घरी असेल तर आई दोन मोळ्या जास्त बांधते.

झोळीवाली | १९ ऑक्टोबर

फडातला, लिहीत राहा हो.

कृष्णाकाठताई, मी सातारची, बालवाडीत बावीस वर्षं. मुद्द्याचं तेवढं लिहिते.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेऊ नका. त्याला आईचं दूध सोडून काही चालत नाही, पाणीसुद्धा नाही, तेव्हा ते आईबरोबरच जाणार. सहा महिने ते दोन वर्षं हा खरा कामाचा गट आणि तोच अवघड. एका बाईला पाच-सहाच्या वर सांभाळवत नाहीत. ‘पंचवीस पोरं आणि दोन मावश्या’ हे कागदावर छान दिसतं. त्यातली दहा रांगती असली की कळतं.

पहिल्या दिवशी खेळणी आणू नका, कड्या आणा. दाराला बाहेरून-आतून कडी, पाण्याच्या टाकीला झाकण, गोठ्याच्या बाजूला फळ्या. ओढा किती लांब आहे? विहीर? तुम्ही शिक्षिका, तुम्ही तक्त्यांपासून सुरुवात करणार, म्हणून आधीच सांगते!

पोरं आली की दंडघेर मोजा. आशाताईकडं रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला तर ते तीव्र कुपोषण, त्या दिवशीच आरोग्य केंद्रात. साडेबारापर्यंत असेल तर लक्ष ठेवायचं. पट्टी चिल्लर वाटते, पण अंदाजानं ‘बारीक आहे’ म्हणणं आणि आकडा सांगणं ह्यात डॉक्टरसमोर फार फरक पडतो.

आणि तुम्ही काही नवीन करत नाही आहात, हे चांगल्या अर्थानं म्हणते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथंच रुजू झाल्या. पुढं १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर आदिवासी पाड्यांवर त्यांना हीच अडचण आली. मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण धाकटी सांभाळायची किंवा गुरं राखायची. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली, विकासवाडी म्हणायचे. गुरं राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. आपण डी.एड.ला हे परीक्षेपुरतं पाठ केलं आणि नोकरीत विसरलो.

कुपवाडकर | २० ऑक्टोबर

थोडं अवांतर, पण विषय तोच. ऊसतोड डोळ्यांना दिसते, कोप्या दिसतात म्हणून. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहतात, ती कुणाला दिसत नाहीत. इथं आजी नाही, जाऊ नाही, शेजारणीची भाषा कळत नाही. मी एका कारखान्यात कामगारांच्या हजेरीचं काम बघायचो. एक बाई दोन वर्षांच्या मुलाला खोलीत कोंडून, कुलूप लावून कामावर यायची. जेवणाच्या सुट्टीत पळत जाऊन बघून यायची. आम्हाला महिन्यानं कळलं.

शंकासूर ह्यांच्या ‘कारखान्यानं करावं’ला माझं अनुमोदन आहे. कारखान्यांचा १९४८ चा कायदा तेच म्हणायचा: आधी पन्नासपेक्षा आणि १९७६ पासून तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर हवं. बांधकामाच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त स्त्रियांचा आकडा होता. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती लाभ कायद्यात पन्नास कर्मचारी हा आकडा आला, त्यात बाईमाणूस-पुरुषमाणूस सगळे मोजायचे. मग व्हायचं काय? हजेरीपटावर बायका अठ्ठावीस. बाकीच्या ठेकेदाराकडं. आणि ऊसतोडीला तर मालक कोण हेच कुणी कबूल करत नाही. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी, मुकादम म्हणतो मी पण मजूरच.

आमच्या त्या बाईची सोय शेवटी शेजारच्या गल्लीतल्या एका मावशीनं केली. स्वतःची नातवंडं होतीच, त्यात चार पोरं वाढली. त्यांना हिंदी येत नव्हतं. सहा महिन्यांत पोरं ‘मला भूक लागलीया’ म्हणायला लागली आणि आयांची पंचाईत!

सीमेवरचा | २० ऑक्टोबर

जतच्या पलीकडं कर्नाटकात ग्रामपंचायतीनं चालवायची ‘कूसिन मने’ आहेत, म्हणजे बाळाचं घर. २०२३ पासून. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बायकांची पोरं डोळ्यापुढं ठेवून काढलेली. आपल्याकडं रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातच तरतूद केली होती की कामावर सहाच्या आतली पाच पोरं असली की एका बाईला ती सांभाळायला ठेवायचं आणि तिला मजुरी पूर्ण द्यायची. म्हणजे पोरं सांभाळणं हे ‘काम’ आहे हे कागदावर कबूल केलेलं होतं. ऊसतोडीत अशी एक बाई टोळीमागं धरली तर बिघडलं कुठं?

शंकासूर | २० ऑक्टोबर

तिची मजुरी टनाच्या दरात धरणार का शेतकऱ्याच्या बिलातून कापणार, ते पण सांगा. कापायचं म्हटलं की आमचंच बिल दिसतं सगळ्यांना.

खानापूर_घाटमाथा | २१ ऑक्टोबर

वाचतोय. जुन्या स्वेटरांचं एक पोतं आहे, विट्याहून कुणी पलूसकडं जाणार असेल तर कळवा.

कृष्णाकाठ | ९ डिसेंबर

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, माफ करा. खोली सुरू होऊन तीन आठवडे झाले.

पहिले चार दिवस एक पोर आलं नाही. मी सकाळी साडेपाचला दार उघडून, सतरंजी घालून बसलेली, आणि हे दारात चहा पीत हसतायत. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी कोप्यांवर गेले आणि चुलीपाशी नुसती बसले. एक बाई म्हणाली, “मास्तरीणबाई, तुमी चांगल्याच हायेत. पन लेकरू वळखीच्या हातात लागतंय.” मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. घरी येऊन विचार केला की माझं पोर मी बीडला जाऊन तिथल्या निवृत्त बाईकडं पहिल्या दिवशी दिलं असतं का?

टोळीत एक आजी आहेत. सुनेबरोबर आलेल्या, गुडघे गेले म्हणून कोयता धरत नाहीत, स्वयंपाकाला म्हणून आणलेल्या. त्यांना विचारलं. महिना साडेतीन हजार ठरले. तेव्हापासून असं चालतं: पहाटे चारला आया पोरं आजींच्या कोपीत ठेवतात, निजलेली तशीच. सातला आजी आणि गावातली एक मुलगी (तिला पाच हजार) सगळ्यांना घेऊन खोलीवर येतात. म्हणजे चारला दार उघडायचा प्रश्न कोपीतच सुटला. फडातला, हे तुमच्यामुळं.

आज चौदा आहेत. त्यात सहा दुपट्यातली. आजी छताच्या तुळईला झोळ्या बांधतात, मी आधी नको म्हणत होते. आता एका हातानं तीन झोळ्यांना एकच दोरी लावून हलवतात ते बघायला आमचे हेसुद्धा येतात.

दंडघेर मोजले. एक पोरगी साडेअकराच्या खाली निघाली. आशाताईंनी आरोग्य केंद्रात नेली, तिथून मिरजेला पाठवली, आईचा खाडा झाला. मुकादमानं तो कापला. मी भांडले, उपयोग झाला नाही. पोरगी परत आलीय, आकडा हळूहळू वर सरकतोय.

फीचं. आठवड्याला तीस रुपये सांगितले होते. दोन बायकांनी दिले, बाकीच्या लाजून टाळायला लागल्या, पोरं पाठवेनात. मग एके सकाळी गोठ्यापुढं वाढ्यांच्या दोन पेंढ्या पडलेल्या. दुसऱ्या दिवशी चार. म्हैस खूश, दूध वाढलं, ते दुपारच्या पेजेबरोबर मोठ्या पोरांना. आता पाळी लावलीय, रोज दोघींनी एकेक पेंढी. जास्तीच्या पेंढ्या हे शेजाऱ्याला विकतात आणि हिशेब वहीत लिहितात. कोण म्हणालं होतं खूळ?

तरी हिशेब बसत नाही. पगार साडेआठ, वर तेल, साबण, डाळ-तांदूळ, औषधं. अंगणवाडीतून नऊ पोरांचा आहार सुरू झालाय (मिरज_जंक्शन, शेजारी बसूनच करून घेतलं, तीन खेपा). उरलेलं माझ्या पेन्शनीतून. हे पुढच्या साली नाही परवडणार, आतापासूनच सांगते.

झोळीवाली | ९ डिसेंबर

ती व्हरांड्यातली मुलगी आली का हो ह्या वर्षी?

कृष्णाकाठ | १० डिसेंबर

आली. त्याच टोळीत. भाऊ आता पावणेदोन वर्षांचा, खोलीत तोच सगळ्यांत दांडगा. आणि गंमत बघा, पहिला आठवडाभर ती पण शाळेत न जाता खोलीतच येऊन बसायची. म्हटलं, अगं तो आहे ना आमच्याकडं, तू जा. तर म्हणे, “त्याला माज्याबिगर करमत नाही.” त्याला चांगलं करमत होतं. हिलाच सवय नव्हती, हात मोकळे असल्याची. शेवटी बाईंनी युक्ती केली. मधल्या सुट्टीत खोलीवर येऊन भावाला बघून जायची परवानगी दिली. रोज पळत यायची. नंतर एक दिवसाआड. गेल्या चार दिवसांत फिरकली नाही, सुट्टीत लंगडी खेळते म्हणे.

तिसरीत बसवलीय, वाचन पहिलीचं आहे. होईल.

कुपवाडकर | १० डिसेंबर

पेन्शनीवर नका चालवू. कारखान्याच्या गट कार्यालयात जा, शेती अधिकाऱ्याला भेटा. कायदा दाखवू नका, मुकादमाचा हिशेब दाखवा: खोली सुरू झाल्यापासून ह्या टोळीचे खाडे किती कमी झाले. ते त्यांना कळतं.

कृष्णाकाठ | १६ फेब्रुवारी

गेले होते. साहेबांनी चहा पाजला, फोटो काढला, म्हणाले उपक्रम स्तुत्य आहे. खाड्यांचा कागद ठेवून घेतला. आठ दिवसांनी कुणीतरी तांदळाची दोन पोती टाकून गेलं, चिठ्ठी नाही. पोती कारखान्याची, का मुकादमाची, का आणि कुणाची, ते कळायला मार्ग नाही.

शंकासूर | १६ फेब्रुवारी

पोत्यांवर नाव कशाला बघता, तांदूळ निवडा. खडे आहेत त्यात, दुकानदारानं फसवलं. आणि मी अजून म्हणतो, हे काम कारखान्याचं आहे.

कृष्णाकाठ | १६ फेब्रुवारी

खडे खरंच आहेत!! आजींनी परवाच सांगितलं.

फडातला | १७ फेब्रुवारी

ताई, टोळी कधी उठणार? मुलीचं नाव आणि गाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्या बाजूचीच असेल तर तिकडच्या शाळेत मी जाऊन येतो. मार्चमध्ये गेली की इकडची हजेरी इकडंच राहते आणि तिकडं गैरहजर म्हणून नाव कमी होतं. माझ्या बहिणीचं तसंच झालं होतं.

कृष्णाकाठ | ११ मार्च

काल पहाटे टोळी गेली. निरोप पाठवलाय, बघा. शाळेचा दाखला आणि बाईंच्या हातचं पत्र तिच्याजवळ दिलंय, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. आईनं ती पिशवी पिठाच्या डब्यात ठेवली, तिथं ओली होत नाही म्हणे.

जाताना आजींनी झोळ्या सोडल्या, दोऱ्या मात्र तुळईला तशाच ठेवल्या. म्हणाल्या, परत कोन बांधत बसंल.

विटेकर, स्वेटर अजून आहेत का? दिवाळीपर्यंत पाठवलेत तरी चालतील.